टर्बोचा सुस्कारा

वेगातल्या एखाद्या मोटारीचा चालक गिअर बदलतो आणि बॉनेटखालून 'फुस्स' असा आवाज येतो. हा आवाज यावा म्हणून पदरचे पैसे घालून गाडीत फेरफार करून घेणारे तरुण आहेत. जे सुटते तो धूर नव्हे, ती दाबलेली स्वच्छ हवा असते. मग ती बाहेर गेली तर बिघडते काय?

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंनी टर्बाइन फिरते आणि त्याच आसावरचा पंखा हवा दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पंख्याचे फेरे मिनिटाला लाखावर जाऊ शकतात. चालकाने पाय उचलला की पेट्रोल इंजिनाची थ्रॉटल झडप मिटते, पंखा मात्र फिरतच राहतो. मधल्या नळीत हवा कोंडते आणि पात्यांमधून उलटी येऊ पाहते. पंखा मंदावतो, बेअरिंगवर ताण पडतो. (डिझेल इंजिनात सहसा अशी झडप मिटत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.)

यासाठी नळीवर आणखी एक झडप बसवतात. थ्रॉटल मिटताच इंजिनाच्या बाजूला दाब उतरतो, त्या ओढीने ही झडप उघडते. मोटार बनवणारे ही हवा बहुधा पंख्याच्या तोंडाशी परत नेतात. हौशी मंडळी ती बाहेर सोडतात.

आता शाळेतले उदाहरण घेऊ. सकाळी हजेरी झाली, तेवढ्या मुलांची खिचडी शिजली आणि काही मुले मागच्या दाराने पसार झाली! अनेक गाड्यांत पंख्याच्या आधी बसवलेला संवेदक हवेची अशीच हजेरी घेतो. १४७ भाग हवेला १० भाग पेट्रोल, हे वजनी प्रमाण. मोजलेल्यांपैकी ३७ भाग बाहेर गेले, तर उरलेल्या ११० भागांनाही पेट्रोल १० भागच मिळते. १४.७ चे प्रमाण ११ वर येते. न जळलेल्या इंधनाने काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते आणि उत्प्रेरक परिवर्तक तापतो. सारे क्षणभरच, पण दर गिअरला. पाय उचलताच इंधन तोडणाऱ्या गाड्यांत हे कमी जाणवते.

काही गाड्यांत हजेरी दारात नव्हे, वर्गातच होते: थ्रॉटलच्या पलीकडचा दाब व तापमान पाहून हवेचा हिशोब करतात. तिथे वाटेत सुटलेली हवा मुळात मोजलेलीच नसते. अशा गाडीने खुशाल सुस्कारे टाकावेत.