आई की बाई?

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)

मुलांना घरीच शिकवायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, ‘दहावीचं काय करणार?’ त्याला उत्तर आहे. १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षं पूर्ण झालेलं मूल दहावीला बसू शकतं. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत सवडीनं देता येतात. २०१० साली लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. घरी शिकवणाऱ्यांसाठी त्यात वेगळी नोंदणी नाही, तशी शिक्षाही नाही.

दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. सकाळी अपूर्णांकांवरून जिनं रागे भरलं, तिनंच वाढलेलं जेवण मुलाला दुपारी गोड लागेल का? शाळेत बाई रागावल्या तर मूल आईकडे येऊन रडतं. घरी बाई आणि आई एकच, मग त्यानं रडायला जायचं कुणाकडे?

आमच्या पापडीच्या घरात म्हणूनच गणित माझ्याकडे नाही. ते आजोबांकडे. वसईची फुलं दादरच्या बाजारात जातात. मोगऱ्याच्या कळ्यांचं वजन, भाव, गाडीभाडं वजा जाता हाती काय उरलं, यातून थोरल्याची टक्केवारी पक्की झाली. आजोबाही रागावतात, पण तेव्हा मी मोकळी असते. माझ्याकडे मराठी आणि इतिहास, तेही साडेअकरापर्यंतच. जेवताना अभ्यासाचं नाव काढायचं नाही. हा नियम सर्वांत जास्त वेळा त्याचे बाबा मोडतात!

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. सातवीत शाळा सुटली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळाली. बारावी नसल्यानं आयआयटीचं दार बंद होतं, पण २०१६ साली ती अमेरिकेत एमआयटीला गेली. तिच्या आईनं, सुप्रिया जोशी यांनी, यासाठी नोकरी सोडली होती, हे सांगायचं बहुधा राहून जातं. घरच्या शाळेला फी नसते म्हणतात. पण ती कुणाच्या तरी दिवसांतून वळती होत असते. ते कुणाचे दिवस, हे नवरा-बायकोनं आधी उघड बोलावं. सासू-सासऱ्यांनाही त्या बोलण्यात घ्यावं, नाहीतर पाहुण्यांसमोर ‘पोराला घरी बसवलंय’ असं ऐकावं लागतं.

आमच्या धाकटीला मात्र गणवेश हवाय, डबा हवाय, मैत्रिणी हव्यात. येत्या जूनला तिला शाळेत घालणार आहोत.