रोखीचा व्यवहार : दारावर आणि दुकानात
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात कार्डाने रक्कम अदा करण्याच्या पद्धतीचा विचार केला. परंतु ज्यांच्यापाशी कार्ड नाही, अथवा असूनही त्याचा क्रमांक अपरिचित विक्रेत्याच्या हवाली करण्यास ज्यांचे मन धजत नाही, अशांनी ऑनलाइन खरेदी कशी करावी, हा प्रश्न शिल्लक राहिला होता. त्याचे उत्तर आपल्या देशात इंटरनेट येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे सिद्ध होते. १८७७ साली टपालखात्याने व्ही.पी.ची पद्धत सुरू केली. तीनुसार पोस्टमन माल दारात आणी, किंमत वसूल करी आणि ती रक्कम मनीऑर्डरीने विक्रेत्याकडे रवाना होई.

माझ्या लहानपणी आमच्या घरी पुस्तके अशीच येत. पोस्टमन ओटीवर टेके, आजी डब्यातली नाणी दोनदा मोजून त्याच्या हाती ठेवी, आणि ती त्याच्या पिशवीत पडल्याखेरीज पुडक्याच्या सुतळीला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नसे. पुण्याचा प्रकाशक आणि आमचे घर परस्परांस सर्वस्वी अनोळखी. परंतु दोघांचाही टपालखात्यावर इतबार होता, आणि तेवढ्यावर व्यवहार निर्वेध पार पडे. २०१० साली फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली, तेव्हा या जुन्याच योजनेचे पुनरुज्जीवन झाले, असे मी मानतो.

जपानात ‘कोंबिनी’ या छोट्या दुकानांत आणि मेक्सिकोत ‘ऑक्सो’च्या दुकानांत ऑनलाइन खरेदीचा रोख भरणा करता येतो. गिऱ्हाईक मागणीचा क्रमांक गल्ल्यावर दाखवून पैसे भरते, आणि भरणा पोचल्यावर सामान्यतः विक्रेता माल रवाना करतो. रोकड तीच, परंतु येथे ती मालाआधी जाते, म्हणून जोखीम गिऱ्हाइकाच्या शिरावर राहते. तेव्हा ‘रोखीने’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. पैसे मालाच्या आधी जातात की मालाबरोबर, हे पाहणे अधिक अगत्याचे.

मालाबरोबर पैसे देतानाही पूर्ण निर्धास्त राहता येत नाही, कारण बंद खोक्यात काय आहे, हे बहुधा पैसे दिल्यावरच कळते. म्हणून खोके समोर उघडून दाखवण्याची सोय असेल तेथे ती अवश्य घ्यावी. कोणी न मागवलेले पार्सल आणून घरातील वृद्धांकडून पैसे उकळण्याचे प्रकारही घडतात. यास्तव आपण काय मागवले आहे आणि त्याची किंमत किती, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आणि एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूची. दारातून परत पाठवलेल्या पार्सलाचे जाण्यायेण्याचे हशील पुष्कळदा त्याच्याच पदरी पडते. कोल्हापुरात चपला शिवणाऱ्या एखाद्या लहान कारागिराची त्या दिवसाची कमाई त्यात बुडू शकते. मन बदललेच, तर माल निघण्यापूर्वी मागणी रद्द करावी, एवढी वाचकांस विनंती आहे.