प्रत्येक ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ नव्हे!

मैत्रिणींनो, मुलांचा अभ्यास घेताना गणित आपण कसंबसं निभावून नेतो, मराठी तर आपल्या हातचा मळ. पण इंग्रजीच्या पुस्तकातल्या गाळलेल्या जागेवर बोट ठेवून मुलानं विचारलं, ‘आई, इथं इन, ऑन की ॲट?’ की आपण हळूच म्हणतो, ‘बाबा आले की विचार हं!’ आता खरं सांगायचं, तर पुष्कळदा बाबांनाही ते नक्की ठाऊक नसतं. ते फक्त ठामपणे सांगतात, एवढंच!

पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीला आलं. म्हणजे सहा वर्षांचं मूलही हा प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभं राहतं. शिवाय शाळेची सूचना इंग्रजीत, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, बँकेचा कागदही इंग्रजीत. तेव्हा हे चिमुकले शब्द नीट कळायला हवेत. नुसतं शुद्ध बोलण्यासाठी नव्हे. कधी कधी त्यांच्यावर आपले पैसे आणि घरच्यांची तब्येतही अवलंबून असते.

चूक होते कुठून?

आपण म्हणतो ‘टेबलावर’. इंग्रजीत होतं ‘ऑन द टेबल’. आपला शब्द नामाच्या मागून येऊन चिकटतो, त्यांचा नामाच्या आधी येऊन उभा राहतो. ‘प्रिपोझिशन’ या नावाचा अर्थच मुळी ‘आधी ठेवलेलं’ असा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. शाळेतही आपल्याला शब्दयोगी अव्यय आणि प्रिपोझिशन समोरासमोर मांडूनच शिकवलं गेलं. त्यामुळे मनात पक्कं बसलं, की ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘मध्ये’ म्हणजे ‘इन’ आणि ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’. इथंच तर गोम आहे!

आपला साधा ‘ने’ घ्या. सुरीने भाजी चिरली, तर ‘विथ अ नाइफ’. बसने आलात, तर ‘बाय बस’. आणि मांजराने दूध सांडलं, तर काहीच नाही: ‘द कॅट स्पिल्ट द मिल्क’. एकाच ‘ने’ची इंग्रजीत तीन रूपं झाली ना?

‘वर’चंही तसंच. ओट्यावरचं पातेलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर, दोन्ही ‘ऑन’; कारण ती कशाला तरी टेकलेली आहेत. पण डोक्यावरचा पंखा डोक्याला टेकलेला नसतो (नशीब आपलं!), म्हणून तिथं ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’. आणि मुलावर रागावलात, तर ‘अँग्री ऑन’ नव्हे, ‘अँग्री विथ’.

वेळेचे तीन डबे

वेळेसाठी ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ असे लहान, मध्यम आणि मोठा, तीन डबे आहेत असं समजा. घड्याळातली वेळ लहान डब्यात: ‘ॲट सेव्हन’. वार आणि तारीख मधल्या डब्यात: ‘ऑन मंडे’, ‘ऑन द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट’. महिना आणि वर्ष मोठ्या डब्यात: ‘इन जून’, ‘इन २०००’.

दिवसाचे भागही मोठ्या डब्यातच जातात: ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द ईव्हनिंग’. रात्र मात्र हट्टी, ती लहान डब्यात जाऊन बसते: ‘ॲट नाइट’. आणि सकाळला वार जोडला, की वाराचा डबा: ‘ऑन मंडे मॉर्निंग’. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’ किंवा ‘धिस’ आला, तर डबाच नको. नुसतं ‘नेक्स्ट मंडे’ म्हणा.

इथं मात्र सांभाळा

आता महत्त्वाचं. ‘इन’च्या जागी ‘ॲट’ पडलं, तर ऐकणाऱ्याला बहुधा कळतं. पण काही शब्द असे आहेत, की ते बदलले तर अर्थच फिरतो.

‘सोमवारपर्यंत फी भरा’ आणि ‘सोमवारपर्यंत शाळा बंद’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘पर्यंत’ एकच. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘बाय मंडे’ येतं, म्हणजे सोमवार उलटायच्या आत कधीही भरा. दुसऱ्या ठिकाणी ‘टिल मंडे’, म्हणजे तोवर बंदच. काम एकदाच उरकायचं असेल तर ‘बाय’, आणि एखादी स्थिती चालू राहणार असेल तर ‘टिल’.

‘इन टू डेज’ म्हणजे सहसा आजपासून दोन दिवसांनी. ‘विदिन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांच्या आत. दुकानदारानं मिक्सर ‘इन टू डेज’ दुरुस्त होईल म्हटलं, तर उद्याच पिशवी घेऊन जाऊ नका!

औषधाच्या चिठ्ठीवर ‘फॉर फाइव्ह डेज’ असेल, तर गोळ्या पाच दिवस घ्यायच्या. ‘आफ्टर फाइव्ह डेज’ असेल, तर पाच दिवसांनी दाखवायला जायचं. ‘बिफोर फूड’ आणि ‘आफ्टर फूड’ तर दोनदा वाचा. शंका राहिली, तर डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारायला मुळीच लाजू नका.

आणि आपला ‘पासून’! ‘मी दहा वर्षांपासून इथं राहते’ याचं आपण ‘सिन्स टेन इयर्स’ करून टाकतो. पण ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो: ‘सिन्स २०१५’, ‘सिन्स मंडे’. किती काळ ते सांगायचं असेल, तर ‘फॉर’: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’.

नको तिथं पाहुणे

काही क्रियापदांना हा पाहुणा चालतच नाही. आपण ‘विषयावर चर्चा करतो’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. पण नुसतं ‘डिस्कस द मॅटर’ पुरे. ‘पुण्याला पोचले’ म्हणजे ‘रीच्ड पुणे’, मध्ये ‘टू’ नको. ‘त्याला विचारलं’ म्हणजे ‘आस्क्ड हिम’, इथंही ‘टू’ नको. ‘तिनं डॉक्टरशी लग्न केलं’ म्हणजे ‘शी मॅरीड अ डॉक्टर’. मात्र तिचं लग्न झालेलं आहे हे सांगताना ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर’. ‘विथ’ कुठेच नाही!

मग लक्षात ठेवायचं कसं?

नियम थोडे आणि अपवाद फार, हे खरं. म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, जोडी पाठ करा. ‘गुड ॲट’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘वेट फॉर’, ‘लिसन टू’, ‘डिपेंड ऑन’. पोळपाट म्हटलं की लाटणं आठवतं ना, तशी ‘वेट’ म्हटलं की ‘फॉर’ची आठवण झाली पाहिजे.

दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागची दोन पानं यासाठी ठेवा. रोज एकच जोडी लिहा आणि तिचं आपल्या घरातलं वाक्य करा. ‘आय ॲम वेटिंग फॉर द मिल्कमन’ हे वाक्य तुम्ही विसरणार नाही. महिन्याकाठी तीस जोड्या झाल्या!

मुलांना शिकवायला तर स्वयंपाकघरासारखी दुसरी शाळा नाही. एक डबा घ्या. तो कपाटात ठेवा, ओट्यावर ठेवा, टेबलाखाली ठेवा, दोन बरण्यांच्या मध्ये ठेवा आणि दर वेळी विचारा, ‘व्हेअर इज द डबा?’ ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’, ‘बिटवीन’, सगळं पोळ्या लाटता लाटता होतं. त्याच्याबरोबर आपलंही पक्कं होतं, बरं का!

आणि संकोच सोडा. शनिवार-रविवारी म्हणायला इंग्रज ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो, तर अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांच्यातही इथं एकमत नाही! मग आपलं एखादं ‘इन’ चुकलं, म्हणून गप्प का बसायचं? ‘बाय’ आणि ‘टिल’, ‘इन’ आणि ‘विदिन’, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ या तीन जोड्या आधी पक्क्या करा. बाकीच्या बोलता बोलता येतील. वहीचं ते मागचं पान आज रात्रीच उघडा, आणि पहिलं वाक्य कोणतं लिहिलंत ते आम्हाला जरूर कळवा!