अंगण भिजते तेव्हा

‘अंगणवाडी’ या शब्दात अंगण आहे; आणि ठाणे जिल्ह्यातले अंगण वर्षाचे चार महिने ओलेच असते. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान, उल्हास नदीच्या परिसरात चामटोली आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस या भागात पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हा या गावाचे नाव सर्वदूर ऐकू आले. असा पूर क्वचितच येतो. परंतु साधी झड लागली तरी तीन ते सहा वर्षांची मुले दिवसचे दिवस एका खोलीत कोंडली जातात. त्यांनी काय करायचे, याची आज दोनच उत्तरे दिली जातात : हातात मोबाइल द्या, नाहीतर पाटीवर अक्षरे गिरवायला बसवा.

तिसरे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी, ती कुरणात गेली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आले. या प्रयोगाचा गाभा जागेत नव्हता. मुलाच्या भोवती जे आहे त्यातूनच शिक्षण घडवायचे, हे त्याचे सूत्र होते. अंगण भिजले तरी हे सूत्र भिजत नाही.

आता हाताचा विचार करू. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडे अजून पक्की झालेली नसतात. त्या हाताने पेन्सिल धरण्याआधी चिमटीत, बोटांत आणि मनगटात बळ यावे लागते. ते वाटाण्याच्या शेंगा सोलताना, कणकेचा गोळा मळताना, ओला रुमाल पिळताना येते. चिंचोके, वाल आणि राजमा एका ताटात मिसळून वेगळे करायला दिले, की त्यात रंग, आकार, लहान-मोठे असे वर्गीकरण आपोआप येते. पुढच्या गणिताचा तो पाया आहे. मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसायला हवे. लहान मुले बी नाकात घालतात, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ते देऊच नये.

आपल्या घरांना हे ठाऊक होते. पावसाळ्यातले सण पाहा. आषाढ संपताना दिव्याच्या अवसेला समया घासायच्या, वाती वळायच्या. श्रावणात मंगळागौरीचे खेळ. झिम्मा-फुगडीला दोन-चार पावलांची जागा पुरते. पोळ्याला मातीचे बैल. गणपतीला दूर्वा निवडून एकवीसच्या जुड्या बांधायच्या. पाऊस ओसरताना, हस्त नक्षत्रात, पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर. यातले बरेचसे मोठ्यांचे खरे. पण लहान मूल त्यात लुडबुडत असे आणि त्या लुडबुडीतच शिकत असे. सण धावपळीचे झाले, वाती विकत आल्या, तशी मुलाची ही जागा गेली.

खोलीत दिवस बसवताना एक क्रम उपयोगी पडतो. आधी अंग मोकळे करणारा खेळ : बेडकासारख्या उड्या, जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेवरून पाण्याची वाटी न सांडता चालणे. मग हाताचे काम. शेवटी गोष्ट. उलट क्रमाने गेल्यास मुले गोष्टीत चुळबुळ करतात. दोष त्यांचा नसतो, अंगातली ऊर्जा वापरलेली नसते. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की गोष्ट ऐकूच येत नाही. तेव्हा हावभावांची मूक गोष्ट करावी, आणि पाऊस थांबताच डोळे मिटून कुठले आवाज येतात ते ओळखायला सांगावे : पागोळ्या, बेडूक, लांबची लोकल.

यासाठी पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागते ते एक मोकळे माणूस, आणि पसारा सहन करण्याची तयारी. सेविकेच्या हातात आहाराचे वाटप, वजनाच्या नोंदी आणि माहिती भरण्याचा फोन असताना हे माणूस कुठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे. वस्तीतल्या आज्या पावसाळ्यात घरीच असतात; त्यांना सन्मानाने बोलावले, तर निदान वाती वळायला शिकवणारे हात मिळतील.