देखणे कणीस आणि भरलेले कोठार : आयोवाच्या कृषी महाविद्यालयाची कथा

बियाण्यासाठी मक्याची कणसे राखून ठेवावयाची झाली, की शेतकरी सामान्यतः मोठे, सरळ ओळींचे व टोकापर्यंत दाण्यांनी भरलेले कणीस बाजूला काढतो. जसे बी तसे पीक, हा त्यामागील विचार. ही रीत आपल्याकडे आहे, तशीच ती अमेरिकेतही होती. परंतु देखण्या कणसाच्या बियाणापासून पीकही भरघोस येते, हे कोणी मोजून पाहिले होते काय? हा प्रश्न अमेरिकेतील आयोवा राज्यात एका शाळकरी मुलाने तेथील कृषी महाविद्यालयाच्या प्राध्यापकास विचारला. त्याच्या उत्तरातून शेतीविषयीच नव्हे, तर शेतीच्या महाविद्यालयाचे खरे काम कोणते याविषयीही बरेच शिकण्यासारखे आहे.

माळरानावरील महाविद्यालय

आयोवा हे अमेरिकेच्या मध्यभागातील काळ्या, सुपीक मातीचे राज्य होय. तेथील विधिमंडळाने १८५८ साली कृषी महाविद्यालय व आदर्श शेत स्थापण्याचा कायदा केला आणि पुढील वर्षी स्टोरी परगण्यात ६४८ एकर जमीन विकत घेतली. त्या वेळी तेथे गवताळ माळाखेरीज फारसे काही नव्हते. शेजारचे एम्स हे गावदेखील १८६४ साली वसले. महाविद्यालयाची पहिली वास्तू म्हणजे १८६० साली बांधलेले शेतघर. ते आजही उभे आहे.

केवळ जमिनीने महाविद्यालय चालत नाही. त्यासाठी पैसा लागतो. तो १८६२ च्या मॉरिल कायद्याने मिळाला. जस्टिन मॉरिल हा लोहाराचा मुलगा. शेतकरी व कारागीर यांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे, असा त्याचा आग्रह होता. त्याचे पहिले विधेयक १८५९ साली राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी नाकारले. दुसऱ्यावर लिंकन यांनी २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, सही केली. राज्याच्या प्रत्येक संसद-सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी व तिच्या उत्पन्नातून कृषी आणि यंत्रविद्या शिकविणारे महाविद्यालय चालवावे, अशी ती योजना होती. त्याच वर्षी सप्टेंबरात आयोवाने ती सर्व राज्यांत प्रथम स्वीकारली. या दानाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे : ही जमीन सरकारकडे आली, ती तेथील मूळ रहिवासी जमातींकडून.

१८६९ च्या मार्चमध्ये महाविद्यालय रीतसर सुरू झाले. मुलींना आरंभापासूनच प्रवेश होता. १८७२ साली बाहेर पडलेल्या पहिल्या २६ पदवीधरांत दोन स्त्रिया होत्या. १८९१ साली गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा तरुण येथे वनस्पतिशास्त्र शिकण्यास आला. तो येथील पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी व पुढे पहिला कृष्णवर्णीय अध्यापक. १८९६ साली तो टस्कीगी येथे गेला आणि दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांसाठी त्याने मोठे कार्य केले. एम्स येथे असताना एका अध्यापकाच्या लहान मुलाला तो फिरावयास नेई आणि झाडे, फुले, गवते ओळखावयास शिकवी. त्या मुलाचे नाव हेन्री वॉलेस. वर उल्लेखिलेला प्रश्न विचारणारा मुलगा तो हाच.

कणसांची परीक्षा

१९०२ साली पेरी होल्डन हे प्राध्यापक एम्स येथे आले. शेतकरी महाविद्यालयात येत नसेल, तर महाविद्यालयाने शेतकऱ्याकडे जावे, असे त्यांचे मत होते. १९०४ पासून त्यांनी आगगाडीच्या डब्यांत व्याख्याने व प्रात्यक्षिके सुरू केली. गाडी लहान स्थानकांवर थांबे, शेतकरी डब्यात येऊन बसत, व्याख्यान संपले की गाडी पुढे जाई. प्रत्येक कणसाचे काही दाणे आधी ओलाव्यात ठेवून त्यांची उगवण पाहा, मगच ते कणीस पेरा, हा होल्डन यांचा उपदेश अत्यंत उपयुक्त होता. परंतु ते कणसांच्या स्पर्धाही भरवीत, आणि त्यांत आकार, ठेवण व दाण्यांची रचना पाहून क्रमांक लावीत.

सुमारे सोळा वर्षांच्या वॉलेसला हे पटेना. मका बहुतांशी जनावरांना घालावयाचा. त्यांना कणसाच्या रूपाशी काय कर्तव्य? होल्डन यांनी रागावण्याऐवजी त्याला कणसे दिली आणि स्वतःच पाहा, असे सांगितले. मुलाने प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरले, ओळीओळीचे पीक वेगळे मोजले. प्राध्यापकांनी सर्वोत्कृष्ट ठरविलेले कणीस उत्पन्नात अगदी खालच्या क्रमांकांत निघाले!

असे का व्हावे? मक्याच्या ताटाच्या शेंड्याला तुरा येतो. त्यातील पराग वाऱ्याने उडून कणसाच्या केसांवर पडतो, आणि एकेका केसामागे एकेक दाणा धरतो. म्हणजे कणसाची आई आपणांस ठाऊक असते, बाप नाही. शिवाय एखाद्या ताटाला मोकळी जागा किंवा अधिक खत मिळाले, तरी त्याचे कणीस मोठे होते. तो गुण बियाण्यातून पुढे उतरत नाही. आणि एकराचे उत्पन्न एका कणसावर नव्हे, तर किती ताटे उभी राहिली, किती रोगाला बळी पडली, यांवर ठरते. यांपैकी काहीही कणसाच्या रूपावरून दिसत नाही.

मोजणीचे शास्त्र

डोळ्यांऐवजी मापावर विसंबावयाचे ठरले, तरी अडचण संपत नाही. एकच बी शेजारच्या दोन वाफ्यांत पेरले तरी उत्पन्न सारखे येत नाही. एका वाफ्याची माती खोल असते, दुसऱ्यात पाणी साचते. मग फरक बियाण्याचा की जमिनीचा? ब्रिटिश शास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर मार्ग दाखविला. प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पेरावा, आणि कोणता वाण कोणत्या वाफ्यात पेरावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चांगली जमीन जाणूनबुजून कोणाच्याही वाट्याला जात नाही, आणि एकाच वाणाच्या वाफ्यांत आपसांत किती फरक पडतो, हे पाहून दोन वाणांमधील फरक खरा की योगायोगाचा, ते गणिताने सांगता येते.

एम्स येथे हे शास्त्र रुजविण्यात वॉलेस यांचाही हात होता. १९२४ साली त्यांनी तेथील अध्यापकांसाठी सांख्यिकीचे वर्ग घेतले. गणिताचे प्राध्यापक जॉर्ज स्नेडेकर यांनी ते कार्य पुढे नेले. १९३१ व १९३६ च्या उन्हाळ्यांत फिशर स्वतः तेथे व्याख्यानांसाठी आले. १९३३ साली तेथे सांख्यिकी प्रयोगशाळा स्थापन झाली. या शास्त्रात भारताचाही वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग सुखात्मे यांनी आपल्या देशात, शास्त्रीय रीतीने निवडलेल्या थोड्या शेतांत पीक कापून सबंध प्रदेशाचे उत्पन्न अनुमानण्याची पद्धती विकसित केली. नमुना-पाहणीवरील त्यांचा ग्रंथ १९५४ साली एम्सच्या याच महाविद्यालयाच्या छापखान्याने प्रकाशित केला. तेथून आपल्याकडे ज्ञान आले, तसेच आपल्याकडून तेथे गेले.

संकरित बियाणे आणि शेजाऱ्याचे शेत

दरम्यान मक्याच्या बियाण्यातच क्रांती घडत होती. एका ताटाचा पराग त्याच ताटाच्या कणसावर पाडीत पाच-सहा पिढ्या गेल्या, की झाडे एकसारखी पण खुरटी होतात. मात्र अशा दोन निराळ्या कुळांचा संकर केला, की पुढील पिढी विलक्षण जोमदार निपजते. हा जोम पुढच्या पिढीत उतरतो तेव्हा घटतो. म्हणून संकरित बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर घरचे बी पेरले, त्याला हा निर्णय सोपा नव्हता.

तरीही १९३० नंतरच्या दशकात आयोवातील शेतकऱ्यांनी हे बी झपाट्याने स्वीकारले. ते का व कसे, याचा शोध महाविद्यालयाच्या समाजशास्त्रज्ञांनी घेतला. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २५९ शेतकऱ्यांची पाहणी होती. त्यांपैकी दोघांखेरीज सर्वांनी संकरित बी स्वीकारले होते. बहुतेकांना पहिली माहिती विक्रेत्याकडून मिळाली होती; पण विश्वास बसला तो शेजाऱ्याचे पीक पाहून. आरंभी बहुतेकांनी थोडी जमीन या बियाण्याखाली आणली, अनुभव घेतला, मग क्षेत्र वाढविले. शेतकरी हट्टी नव्हता. तोही आपल्या रीतीने प्रयोगच करीत होता.

यशानंतरही परीक्षा संपत नाही. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा रोग पसरला आणि सुमारे १५ टक्के पीक गेले. बहुतेक संकरित वाणांत एकच समान आनुवंशिक घटक वापरला गेला होता. जे एका वाणाला बाधले, ते सर्वांनाच बाधले.

आपल्यासाठी बोध

एम्सचे महाविद्यालय १९५९ साली विद्यापीठ झाले. अध्यापन, संशोधन व विस्तार ही तीन कामे एकाच संस्थेने करावीत, हा अमेरिकेतील अशा संस्थांचा आदर्श आपल्या देशातही आला. त्या धर्तीवर १९६० साली पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले, १९६२ साली लुधियाना येथे, आणि १९६८ साली महाराष्ट्रातील राहुरी येथे.

इमारती आणि एकर यांवरून अशा संस्थेचे मोल ठरवू नये. तीही देखणी कणसेच होत. प्राध्यापकाचे मत एका मुलास तपासून पाहता येते काय, आणि ते चुकले तर मानले जाते काय, हे पाहावे. ही वृत्ती अंगी बाणण्यास मोठे शेत लागत नाही. घरच्या बियाण्यातील १०० दाणे न निवडता मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका, आणि आठवड्यानंतर किती उगवले ते मोजा. आधी मात्र दाण्यांकडे नुसते पाहून आपला अंदाज कागदावर लिहून ठेवा. अंदाज आणि मोजणी यांत जो फरक पडेल, तोच आपला पहिला धडा होय.