बिऱ्हाड हलवण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा



गळीत हंगाम उतरणीला लागला आणि ऊसबिलाचे पैसे खात्यावर पडू लागले, की गटकार्यालयाच्या ओट्यावर दरवर्षी एक विषय हमखास निघतो. "औंदा पोरांना तालुक्याला ठेवायचं म्हणतोय." कोणी तालुक्याच्या, कोणी जिल्ह्याच्या गावी खोली बघून आलेला असतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याच्या आत बिऱ्हाड लागले पाहिजे, अशी घाई असते.

पोरांनी शिकावे ही ओढ चांगलीच आहे. तिच्याविरुद्ध आम्हांला एक अक्षरही लिहावयाचे नाही. परंतु गेलेल्या बिऱ्हाडांपैकी काही दिवाळीच्या आतच हातउसनवारीवर आली, आणि काही दोन वर्षांत भांडीकुंडी घेऊन परत गावात आली, हेही आम्ही पाहिले आहे. पोरांची शाळा मध्येच मोडली ती वेगळीच. शेजारचाच दुसरा सभासद मात्र तेवढ्याच उसावर निभावून नेतो. असे का व्हावे? आमच्या मते फरक पडतो तो हिशेबात. म्हणून या अंकात तो हिशेबच मांडून दाखवावा, असे आम्ही ठरविले.

कमाई मळ्यात, खर्च शहरात

घर हलवणे ऊसकऱ्याला नवे नाही. कालव्याचे पाणी आले तेव्हा आपल्या वाडवडिलांनी गावठाणातली घरे सोडली आणि मळ्यात वस्ती केली. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी तर आपला मुलूख सोडून नीरेच्या कालव्याखाली जमिनी धरल्या. त्यांच्याच कष्टातून १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन झाली आणि माळीनगर वसले.

पण ती माणसे कमाईच्या दिशेने हलली. जिथे पाणी तिथे ऊस, आणि जिथे ऊस तिथे घर. आजचे हलणे नेमके उलटे आहे. कमाई मळ्यात राहते आणि खर्च तेवढा शहरात जातो. ही एक गोष्ट ध्यानात आली, की पुढचा सगळा हिशेब आपोआप उलगडतो.

टेंपोचे भाडे म्हणजे खर्च नव्हे

"बिऱ्हाड हलवायला किती लागतील?" असे विचारले, की बहुतेक जण टेंपोचे भाडे, हमाली आणि घरमालकाची अनामत एवढेच सांगतात. ही तर सुरुवात झाली. आपण एक उदाहरण घेऊ. आई आणि दोन मुले तालुक्याला राहणार. वडील आणि आजी-आजोबा मळ्यात. आकडे अंदाजाचे आहेत, आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

एकदाच होणारा खर्च असा धरू:

अनामत रक्कम – २०,००० रु.
टेंपो व हमाली – ५,००० रु.
शाळाप्रवेश, गणवेश, वह्या-पुस्तके – २५,००० रु.
शेगडी, कॉट, पाण्याचे पिंप वगैरे – १५,००० रु.
भाडेकरार व कागदपत्रे – २,००० रु.
किरकोळ दुरुस्ती – ३,००० रु.
एकूण – ७०,००० रु.

आता दरमहाचा खर्च पाहू:

खोलीभाडे – ६,००० रु.
वीज – ८०० रु.
दूध, रोज दीड लिटर – २,७०० रु.
भाजीपाला – २,००० रु.
किराणा (धान्य घरचे धरून) – २,५०० रु.
गॅस – ९०० रु.
शाळेची रिक्षा – १,५०० रु.
गावाला जाणे-येणे – १,२०० रु.
औषधपाणी व किरकोळ – १,४०० रु.
एकूण – १९,००० रु.

महिन्याला १९,००० म्हणजे वर्षाला २,२८,००० रुपये. आता उसाकडे बघा. समजा दोन एकर ऊस आहे, एकरी ४० टन निघाला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,८०० रुपये हाती आले. ८० टनांचे २,२४,००० रुपये झाले. म्हणजे दोन एकरांचा सगळा ऊस शहरातल्या दोन खोल्यांतच जिरला, वर चार हजार कमी पडले! अजून लागवड, खते, पाणीपट्टी आणि सोसायटी यांचे नावही काढलेले नाही.

हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. नुसत्या उसावर बिऱ्हाड चालते का, हे प्रत्येकाने जाण्याआधी कागदावर पाहावे, एवढाच हेतू. चार एकर असतील, नोकरीचा पगार असेल, दुसरा जोडधंदा असेल, तर हिशेब बसेलही. पण तो आधी बसला पाहिजे.

म्हैस कोण बघणार?

या यादीतली दुधाची ओळ पुन्हा वाचा. मळ्यात दूध विकत घ्यावे लागत नाही. उलट डेअरीकडून दर दहा दिवसांनी चार पैसे घरात येतात. कारभारीण मुलांबरोबर शहरात गेली, की धारा कोण काढणार, वैरण कोण टाकणार? सासूबाईंचे गुडघे दुखतात. मग म्हैस विकली जाते. येणारे पैसे थांबले आणि घरचे होते ते विकत घेणे सुरू झाले, असा दुहेरी मार बसतो. भाजी, अंडी, सरपण यांचेही तेच. मळ्यात ज्याला आपण खर्च म्हणत नव्हतो, त्याला शहरात पैसे मोजावे लागतात.

म्हणून आमचे सांगणे असे, की हा हिशेब पुरुषमंडळींनी एकट्याने करू नये. घरातल्या बायकांना समोर बसवावे. पीठ किती दिवस पुरते, तेल किती लागते, हे त्यांनाच ठाऊक असते. एका सभासदाच्या सौभाग्यवतींनी आम्हांला सांगितले, "ह्यांनी खोली बघितली, मी नळ बघितला. पाणी एक दिवसाआड येतं म्हटल्यावर टाकी आली, टाकी आली म्हणजे पैसे आले." असा विचार करणारे माणूस घरात असताना त्याला विचारायचे नाही, यासारखे नुकसान नाही.

ऊसबिल हिवाळ्यात, खर्च जूनमध्ये

दुसरी अडचण वेळेची. नोकरदाराला दर महिन्याला पगार मिळतो. आपले तसे नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे मिळावयास हवेत. परंतु ऊस तुटतो तोच मुळी हिवाळ्या-उन्हाळ्यात. जूनपासून पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत उसाचे येणे जवळजवळ नसते. नेमक्या याच काळात शाळेचा खर्च येतो आणि जुलै-ऑगस्टची आडसाली लागवडही याच काळात होते. आडसालीचा ऊस तर पुढे १६ ते १८ महिन्यांनी तुटणार!

वरच्या उदाहरणात जूनच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सात महिने धरले, तर महिन्याच्या खर्चाचे १,३३,००० आणि सुरुवातीचे ७०,००० मिळून २,०३,००० रुपये लागतात. दुखणे-बाणे किंवा तोडणी लांबणे यासाठी तीन महिन्यांचे ५७,००० वेगळे ठेवले, तर आकडा २,६०,००० होतो. ही रक्कम उन्हाळा संपण्यापूर्वी बाजूला पडलेली असावी, किंवा दरमहा कोठून येणार हे ठरलेले असावे. "बघू, निघेल काहीतरी" या भरवशावर टेंपो बोलावू नये.

चार महिन्यांची रंगीत तालीम

हे कसे साधावे? आमच्या पाहण्यातल्या एका सभासदाने केलेली युक्ती सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारीत बिल पडल्यावर त्याने ठरविले, की आपण शहरात गेलोच आहोत असे समजायचे. फेब्रुवारी ते मे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शहरातल्या खर्चाएवढी रक्कम त्याने वेगळ्या बचत खात्यात टाकली आणि तिला हात लावला नाही. आपल्या उदाहरणात हे चार महिन्यांचे ७६,००० रुपये होतात. सुरुवातीचा एकदाचा खर्च त्यातून भागून सहा हजार उरतात.

याहून मोठा फायदा दुसराच आहे. दर महिन्याला एवढे पैसे काढून मळ्याचे घर चालते की नाही, हे गावात असतानाच कळते. तालमीत दम लागला, तर नाटक पुढे ढकलता येते. एक वर्ष थांबल्याने आभाळ कोसळत नाही. तोवर एस.टी.चा विचार करावा. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो आणि मुलांनाही विद्यार्थी सवलतीचा मासिक पास आहे. गाडीची वेळ जमत असेल, तर वर्षभराच्या खोलीभाड्यापेक्षा ही सोय केव्हाही परवडते.

या तीन गोष्टींना हात लावू नये

पहिली गोष्ट सोसायटीची. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला ते तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडते. बिऱ्हाडासाठी हे कर्ज थकवले, तर ती सवलत जाते आणि पुढच्या लागवडीला कर्ज मिळणे अवघड होते.

दुसरी गोष्ट खाजगी सावकारी. शेकडा तीन म्हणजे वर्षाला शेकडा छत्तीस. एक लाख उचलले, तर महिन्याचे व्याजच ३,००० रुपये, म्हणजे आपल्या उदाहरणातले अर्धे खोलीभाडे!

तिसरी गोष्ट जमीन. मुलांच्या शिक्षणासाठी अर्धा एकर काढला, असे सांगणारे भेटतात. शिक्षणाच्या मोठ्या खर्चासाठी तशी वेळ येणे निराळे. पण दूध, भाजी आणि खोलीभाडे यांसाठी रान विकणे म्हणजे बियाण्याचा ऊस गुऱ्हाळाला लावण्यासारखे आहे.

एकत्र कुटुंबात आणखी एक पथ्य पाळावे. ऊस एकाच्या नावावर, बिल एकाच्या खात्यावर आणि मुले मात्र धाकट्याची शहरात, अशी स्थिती पुष्कळ घरांत आहे. कोण किती देणार, मळ्यात राबणाऱ्या भावाचा वाटा कसा धरायचा, हे जाण्याआधी सर्वांसमक्ष बोलून, वहीत लिहून ठेवावे. न बोललेल्या हिशेबाने घरे फुटतात.

कागद वेळेवर, पैसा वाचतो

भाड्याची खोली तोंडी बोलीवर घेऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लीव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का असते. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांच्या कराराला ते दोनशे रुपयांच्या आसपास येईल. अनामत बँकेतून द्यावी आणि ती कधी परत मिळणार हे करारात लिहून घ्यावे.

मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले निकालानंतर लगेच मागावेत. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखल्याला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असणाऱ्यांना रेशनकार्ड न बदलता दुसऱ्या गावच्या दुकानातून धान्य घेता येते. कायमचे जाणाऱ्यांनी मतदारयादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा.

आता आपल्या कारखान्याकडील कामे. शेअर विभागात पत्ता व मोबाईल क्रमांक नोंदवावा, नाहीतर वार्षिक सभेची नोटीस जुन्या दारावर जाऊन पडते. वारसाची नोंद तपासून घ्यावी. बिलाचे बँक खाते घाईने बंद करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मळ्यात मागे कोण राहणार ते पक्के करावे. लागवडीची नोंद गटकार्यालयात वेळेत झाली पाहिजे, ई-पीक पाहणी रानात उभे राहून करावी लागते, आणि तोड आली, की चिटबॉयला मालक समोर लागतो. "मालक तालुक्याला हायेत" या एका वाक्यावर तोड पुढे गेलेली उदाहरणे आहेत. ऊस वाळला, की वजन घटले; आणि वजन घटले, की शहरातला महिना अडला.

सारांश, बिऱ्हाड हलवावे, जरूर हलवावे. पण आधी वर्षाचा खर्च लिहावा, हंगामात पैसे बाजूला काढावेत आणि चार महिने तालीम करून पाहावी. ज्यांना हिशेब मांडायला मदत हवी, त्यांनी वही आणि ऊसबिलाची पावती घेऊन गटकार्यालयात यावे. बरोबर कारभारणीलाही आणावे. दोघांचे एकमत होऊन आकडा जुळला, तर मग टेंपो सांगायला हरकत नाही. पोरे शिकतील आणि रानही राखले जाईल.