घट्ट ते वाईट, पातळ ते चांगलं?

कोकणातल्या जुन्या घरांत फळीवर पांढुरका, मुठीत मावेल असा एक गोळा सापडतो. कोकमाच्या बियांचं तेल. कुणी त्याला मुठेल म्हणतं, कुणी भिरंडेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की त्याचा तुकडा पळीत वितळवायचा आणि कोमट असतानाच भेगेत भरायचा. नखाने खरवडला तर मेणासारखा कीस निघतो. आणि हे चक्क झाडाचं तेल! ‘वनस्पतीचं ते पातळ, प्राण्याचं ते घट्ट’ हा समज या गोळ्यापाशीच मोडतो.

तेल आणि तूप या दोन वेगळ्या जाती आहेत, असं बहुतेकांना वाटतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्हींची घडण एकच आहे. ग्लिसरॉलच्या रेणूला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात, त्याला ट्रायग्लिसराइड म्हणतात. फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्रल यांनी साबणाचं पृथक्करण करत करत ही मेदाम्लं ओळखली आणि १८२३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. ग्रॅममागे उष्मांकही सारखेच, सुमारे ९ किलोकॅलरी. त्यामुळे ‘तेल हलकं असतं’ म्हणून कढईत हात सैल सोडण्यात अर्थ नाही.

फरक आहे तो साखळ्यांत. स्टिअरिक आम्लात १८ कार्बन आणि त्यांच्यात सगळे एकेरी बंध, म्हणून साखळी काठीसारखी सरळ. हे संपृक्त मेदाम्ल. ओलेइक आम्लातही कार्बन १८च, पण बरोबर मध्यावर एक दुहेरी बंध, आणि तिथे साखळी कोपरासारखी वाकते. हे असंपृक्त. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्या फांद्यांची बांधता येत नाही. एवढ्या एका वाकण्याने केवढा फरक पडतो पाहा: स्टिअरिक वितळायला ६९ अंश सेल्सिअस लागतात, ओलेइक १३-१४ अंशांनाच पातळ होतं. मुठेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक, म्हणून ते घट्ट. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक, त्यात दुहेरी बंध दोन, म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही वाहतं. मात्र कुठलंही तेल एकाच मेदाम्लाचं नसतं. शेंगदाण्याच्या तेलात जवळपास पाचवा हिस्सा संपृक्त असतो, तर तुपात सुमारे एक-तृतीयांश असंपृक्त.

‘खोबरेल थंडीत गोठतं, म्हणजे रक्तवाहिन्यांतही गोठणार’ ही भीती मी कितीदा तरी ऐकली आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपलं शरीर ३७ अंशांचं. शिवाय खाल्लेलं तेल जसंच्या तसं रक्तात उतरत नाही, आतड्यात त्याचे तुकडे होतात. खोबरेलाबाबत काळजी करायची तर ती वेगळ्या कारणाने. त्यातला सुमारे ९० टक्के भाग संपृक्त आहे आणि तो रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतो, बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असं कितीही ठसठशीत छापलेलं असलं तरी. ते छापलेलं खोटं नसतं, पण कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल फार तर नावापुरतंच असतं, मग त्यात कौतुक कसलं? कोलेस्टेरॉल हे मेदाम्लच नव्हे. चार कड्यांचा तो वेगळाच रेणू, आणि शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतः तयार करतं. ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल, अंड्याच्या बलकातलं लेसिथिन, मधमाशीचं मेण ही सगळी ‘लिपिड’ या एका घराण्यात बसतात, कारण ती पाण्यात विरघळत नाहीत आणि ईथर किंवा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात. रक्ततपासणीच्या ‘लिपिड प्रोफाइल’मध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल यांचे आकडे शेजारी छापतात, त्यावरून ती एकच वस्तू समजू नका.

खरं नुकसान केलं ते ‘वनस्पती’ या शब्दाने. आपल्याकडे १९३७ साली डालडा हे ‘वनस्पती तूप’ आलं. तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की काही दुहेरी बंध एकेरी होतात आणि तेल तुपासारखं रवाळ थिजतं. पण ही क्रिया अर्ध्यावर थांबवली की उरलेल्यांपैकी काही दुहेरी बंध पालटतात: बंध दुहेरीच राहतो, पण साखळीचं वाकण जातं. हे ट्रान्स मेदाम्ल. ओलेइकचं असं रूप वितळायला सुमारे ४५ अंश लागतात. ते वाईट एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल घटवतं, म्हणजे दोन्हीकडून घात. कागदावर मात्र ते असंपृक्तच, आणि मूळ झाडाचंच! देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तेला-तुपातली त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली ती जानेवारी २०२२ पासून. इतकी वर्षं घरोघरी शंकरपाळ्या डालड्यात तळल्या गेल्या, याची मला आजही हळहळ वाटते.

मग जितके दुहेरी बंध जास्त, तितकं तेल उत्तम? तसंही नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. हे ओमेगा-३ आपल्या शरीराला बनवता येत नाही, म्हणून जवसाची चटणी ताटात हवीच. पण त्यातल्या तीन दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन तुटून पडतो. नव्या बॅटला जवसाचं तेल चोळतात ते त्याचा पापुद्रा धरतो म्हणूनच. तळणीची उष्णता लागली की ही क्रिया आणखी झपाट्याने होते. म्हणून जवस भाजून, थोडंथोडं कुटून चटणी करावी, पण पुऱ्या मात्र त्याच्या तेलात तळू नयेत.